फॅमिली ग्रुपवरचे फोटो हरवू नयेत म्हणून काय काय करायचं

घरातलं कोणी गेलं की तेराव्याच्या आधी एक शोधाशोध हमखास होते, चांगला फोटो कुठे आहे. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये शेकड्यांनी फोटो असतात, नातवाच्या बारशाचे, गावच्या गणपतीचे, हॉटेलातल्या वाढदिवसाचे, आणि फ्रेमवाल्याकडे गेलं की तो म्हणतो हा व्हॉट्सॲपवरून आलेला दिसतोय, बारा बाय अठरा केला की फाटेल, ओरिजिनल असेल तर द्या. आणि ओरिजिनल ज्याने काढला त्याने मधल्या काळात फोन बदललेला असतो.

ठाणे-नवी मुंबईकडची आपली घरं बघा ना, एक भाऊ नौपाड्यात, दुसरा घोडबंदरला, बहीण नेरुळला, मामा संगमेश्वरला, पोरं न्यू जर्सीला, सगळे एकत्र भेटतात ते लग्नात नाहीतर गणपतीत. मधल्या वेळात नातं टिकतं ते फोटोंवर आणि फोनवर. म्हणून ही सोय नीट लावून ठेवायला हवी असं मला फार मनापासून वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गप्पांची जागा आणि फोटो ठेवायची जागा वेगळी करा, आणि फोटोंची जागा निवडताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ती जमेल का हे आधी बघा, कारण जुन्या फोटोतली माणसं ओळखणारे तेच आहेत. ॲप कितीही भारी असलं तरी आत्या त्यात येऊ शकत नसेल तर अर्धा उपयोग तिथेच संपला.

ग्रुप आहे तो राहू द्या

व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप बंद करायची काही गरज नाही. तिथे सगळे आधीच आहेत आणि मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात म्हणजे मधल्यामध्ये बाहेरचं कोणी वाचू शकत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. पण फोटो साठवायला ती जागा नाही. साधा पाठवला की फोटो दाबून लहान होतो, काढल्याची तारीख आणि जागेची माहिती निघून जाते, नवीन सून ग्रुपमध्ये आली की आधीच्या वर्षांचे फोटो तिला आपोआप मिळत नाहीत, आणि कोणी वेळेत डाउनलोड केला नाही तर नंतर तो उघडतच नाही, मग "परत पाठव ना गं" सुरू. फाइलचं नाव कधी नीट बघितलंय का, आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि नंबर. ती तारीख व्हॉट्सॲपवर आल्याची असते, फोटो काढल्याची नसते. त्यामुळे आजीच्या लग्नातला १९६२ चा फोटो काकांनी २०२४ मध्ये पाठवला की गॅलरीत तो २०२४ च्या मोदकांच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो आणि परत सापडत नाही.

ग्रुपवरच पाठवायचा असेल तर निदान एचडी निवडा, २०२३ पासून ती सोय आहे, फोटो निवडला की वर एचडीचं बटण दिसतं. एचडी पण थोडा दाबलेलाच असतो. एकदम मूळ फाइल हवी असेल तर क्लिपच्या चिन्हावरून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. फक्त तेव्हा फोटोबरोबर लोकेशन पण जातं, म्हणजे घरी काढलेला फोटो असेल तर घर नेमकं कुठे आहे ते त्या फाइलमध्ये असतं. भावाला पाठवताना चालेल, पण ऐंशी माणसांच्या भावकीच्या ग्रुपवर कशाला.

तेवढ्यावरून आठवलं, ग्रुप दोन ठेवा. एक सख्ख्यांचा, ज्यात आजारपण, बाळाचे फोटो, घरातलं काहीही बोलता येईल, आणि एक मोठा, चुलत-मावस-आते सगळ्यांचा, जिथे लग्नाची तारीख, कुळाचार, गावच्या देवळाच्या जत्रेची वर्गणी असलं चालतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण मावतात म्हणून भरायची नाहीत. दोन्हीकडे ॲडमिन किमान दोघं असावेत, एक तरुण एक मोठं माणूस, म्हणजे कोणाला ग्रुपमध्ये घ्यायचं हे ठरवताना नातं माहीत असणारं कोणीतरी असतं. ग्रुपच्या सेटिंगमध्ये नवीन मेंबरला ॲडमिनने मंजुरी द्यायची असं चालू करा. आपोआप गायब होणारे मेसेज बंद आहेत का बघा, कारण कोणीतरी २४ तास किंवा ७ दिवस करून ठेवतं आणि तेवढ्यानंतर बारशाचे फोटो चॅटमधून जातात. २०२५ मध्ये ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी म्हणून एक सेटिंग आलंय, त्याने चॅट बाहेर एक्सपोर्ट करता येत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. सख्ख्यांच्या ग्रुपला ते चालू करा. स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही हे मात्र माहीत असू द्या.

आता अल्बम

माझ्या मते आपल्यासारख्या घरांना गूगल फोटोज बरं पडतं, आणि कारण अगदी साधं आहे, अँड्रॉइड फोनमध्ये ते बहुतेक आधीच असतं. नवीन ॲप घ्या, नवीन पासवर्ड लक्षात ठेवा म्हटलं की वयस्कर मंडळी तिथेच थांबतात. आयफोनवाल्यांनाही हे ॲप टाकता येतं.

करायचं असं. फोटो निवडायचे, 'ॲड टू' करून शेअर्ड अल्बम घ्यायचा, नाव द्यायचं, आणि माणसं एकेक करून त्यांच्या जीमेलने जोडायची. मग अल्बमच्या ऑप्शन्समध्ये जाऊन तीन गोष्टी बघायच्या. लिंक शेअरिंग चालू असेल तर ज्याच्या हातात लिंक पडेल त्याला सगळा अल्बम दिसतो, त्याच्याकडे गूगलचं अकाउंट नसलं तरी दिसतो, आणि लिंक एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही, म्हणून घरच्या अल्बमला ते बंद ठेवा. लग्नासारखा मोठा कार्यक्रम असेल, मुलीकडचे-मुलाकडचे सगळ्यांना फोटो द्यायचे असतील, तर तेवढ्यापुरता वेगळा अल्बम करून लिंक द्या आणि महिन्याभराने बंद करा. दुसरं, फोटोचं लोकेशन दाखवायचं का ते, बंद. तिसरं, कोलॅबोरेशन, म्हणजे बाकीच्यांना पण फोटो टाकता येणं, हे मात्र चालूच हवं, नाहीतर एकच माणूस राबत बसतं आणि दोन महिन्यांत त्याचा उत्साह संपतो.

एका अल्बममध्ये २०,००० फोटो-व्हिडिओ बसतात पण मी वर्ष आणि प्रसंग असेच अल्बम करायला सांगेन, आणि नावात वर्ष आधी, '२०२५ गणपती गाव', '२०२५ दिवाळी पहाट राम मारुती रोड', म्हणजे शोधताना डोळ्याला पटकन सापडतात. आणि कृपा करून सहाशे फोटो ओतू नका. आरतीचे एकसारखे चाळीस फोटो असतील तर त्यातले चांगले तीन घ्या, ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत आणि आजीचा चेहरा नीट आलाय. निवडायला अर्धा तास जातो पण बघणारा शेवटपर्यंत बघतो. अल्बममध्ये फोटोंच्या मध्ये मजकूर टाकायची सोय आहे, तिथे दोन ओळी लिहा, कोण कोण आलं होतं, कुठे होतं, जेवायला काय होतं. वीस वर्षांनी जेवणाची ओळच आधी वाचली जाते.

जागेचा हिशोब सांगते. गूगल फुकट देतं १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांची मिळून, १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट बंद झालंय, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पण आता त्याच १५ जीबीत मोजतात. अल्बममध्ये ज्याने फोटो टाकला त्याची जागा जाते, बघणाऱ्याची नाही. पण ह्याचीच दुसरी बाजू अशी की ज्याने टाकला तो अल्बममधून बाहेर पडला तर त्याने टाकलेले फोटो आणि कमेंटसुद्धा बाहेर जातात. भावाभावांत काही झालं, एकाने रागाने अल्बम सोडला, की बाबांच्या साठीचे निम्मे फोटो गायब. त्यामुळे महत्त्वाचा फोटो दुसऱ्याने टाकलेला असेल तर तो आपल्या अकाउंटला सेव्ह करून घ्या, जागा थोडी जाईल, जाऊ दे.

आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं असतं. त्यांचे फोटो एचईआयसी प्रकारात निघतात, जुन्या कॉम्प्युटरवर आणि टीव्हीवर बऱ्याचदा उघडत नाहीत, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की जेपीजी निघतात. ॲपलचा आयक्लाउड शेअर्ड अल्बम १०० माणसांना देता येतो, ५००० फोटो बसतात आणि आयक्लाउडच्या जागेत मोजत नाहीत, पण त्यात फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेलपर्यंत लहान होते. घरात सगळ्यांकडे आयफोन असेल तर ठीक, मिसळ असेल तर गूगलवरच राहा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. फेसबुकचा प्रायव्हेट ग्रुप काका-मामांना सोपा जातो कारण ते तिथे असतातच, हिडन करून ठेवला तर बाहेरच्यांना शोधूनही सापडत नाही, भावकीच्या बातम्यांना ठीक आहे, लहान मुलांचे फोटो मी तिथे नाही टाकणार. टेलिग्रामचे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. सिग्नल ॲपचे असतात आणि ते चांगलं आहे पण अख्खं घर तिथे न्यायला फार चिकाटी लागते. फक्त बाळाचे फोटो दोन्हीकडच्या आजी-आजोबांना दाखवायचे असतील तर जपानच्या मिक्सी कंपनीचं फॅमिलीअल्बम नावाचं ॲप आहे, आमंत्रणाशिवाय कोणी आत येत नाही. आणि कुठलंही निवडा, एक प्रत आपल्याजवळ ठेवाच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि तिथे अल्बम लावून निवांत असलेली खूप घरं होती.

विचारून टाका

हा भाग सगळ्यांना अवघड जातो कारण घरच्या माणसाला परवानगी काय विचारायची असं वाटतं. पण विचारावी. आपल्याकडे कितीतरी घरांत बारशापर्यंत बाळाचा फोटो बाहेर जाऊ देत नाहीत, दृष्टीचं म्हणा किंवा आईला नको असतं म्हणा, कारण काहीही असो, बाळाच्या आई-बाबांनी पहिला फोटो टाकेपर्यंत बाकी कोणी टाकायचा नाही हा नियम सगळ्यांनी पाळावा. मामाने हॉस्पिटलमधूनच स्टेटसला ठेवला आणि गाव जागं झालं असं नको.

खरी गळती स्टेटस आणि डीपीमधून होते. ग्रुप कितीही बंद असू दे, कोणीतरी प्रेमाने फोटो उचलतं आणि स्टेटसला ठेवतं, आणि ते स्टेटस गॅसवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत ज्यांचा नंबर सेव्ह आहे त्या सगळ्यांना दिसतं. मोठ्यांना हे सांगताना नियम सांगितल्यासारखं सांगू नका. "आई, हा फोटो फक्त आपल्या घरच्यांसाठी पाठवलाय हं, स्टेटसला नका ठेवू, उद्या तुम्हाला स्टेटसला ठेवायला दुसरा पाठवते" असं म्हटलं की त्यांना वाईटही वाटत नाही आणि ठेवायला काहीतरी मिळतं, नातवाचा पाठमोरा, नाहीतर नुसते छोटे हात. त्याबरोबरच त्यांच्या फोनमध्ये स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन 'ओन्ली शेअर विथ' करून घरचेच नंबर निवडून द्या, काम एकदाच करावं लागतं.

शाळेच्या गणवेशातला, बॅजवर शाळेचं नाव दिसणारा फोटो मोठ्या ग्रुपवर नको. आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुठेच नकोत, अगदी सख्ख्यांच्या ग्रुपवरही नकोत. आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना स्वतःला विचारा, त्यांना मत असतं. आजारी माणसाचे नळ्या लावलेले फोटो टाकू नका, तब्येत शब्दात सांगा. आणि गणपतीत अख्खं घर कोकणात असताना बंद फ्लॅटची बातमी देणारे फोटो त्याच दिवशी उघड्यावर टाकू नका, परत आल्यावर टाका, गणपती तेच असतात.

जुने फोटो

आता खरं काम. ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात, माळ्यावर जे अल्बम आहेत ते आधी खाली काढा, कारण आपल्याकडच्या पावसात माळ्याच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि फोटोंना बुरशी लागते. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले अल्बम भिजून लगदा झाले, ते परत येत नाहीत.

काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे अल्बम सोपे असतात. त्रास देतात ते सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले. त्यातला फोटो ओढू नका, फाटतो. दातांत घालायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा, निघाला तर निघाला, नाही निघाला तर प्लास्टिक उचलून तिथेच फोटो काढा. स्कॅनर असेल तर छोटे पोस्टकार्ड आकाराचे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. नसेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप आहे, ते एकाच फोटोचे वेगवेगळ्या कोनांतून शॉट घेतं आणि ट्यूबलाइटची चमक काढून टाकतं. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फॅन बंद करून करा. मागची बाजू पण स्कॅन करा, मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी आजोबांच्या हातची तारीख असते. फोटोच्या मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने हलकं लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. निगेटिव्ह सापडल्या तर टाकू नका.

स्कॅन झाल्यावर लगेच तारीख बदला. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की माहिती दिसते, तिथे तारीख बदलता येते, अंदाजे वर्ष टाकलं तरी १९६२ चा फोटो १९६२ मध्ये जाऊन बसतो. वर्ष कसं काढायचं तर फोटोतच शोधायचं. ठाण्याच्या तलावपाळीचा फोटो असेल आणि मागे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह दिसत असेल तर तो १९७८ च्या नंतरचा. कोणी वाशी स्टेशनवर उभं असेल तर १९९२ च्या आधीचा असूच शकत नाही, लोकल तेव्हा पोचली. स्कूटरच्या पाटीवर एमएच ०४ असेल तर १९८९ च्या अलीकडचा. आणि लग्नपत्रिका, त्या तर फोटोंबरोबर स्कॅन कराच, 'आमचे येथे श्री कृपेकरून' पासून खालच्या व्यवस्थापक मंडळींपर्यंत सगळी नावं, तारीख, वार, कार्यालयाचा पत्ता, एका कागदावर अर्धं खानदान असतं.

नावं लिहून घ्या, आत्ताच

फोटो राहिला आणि नाव गेलं तर तो अनोळखी माणसांचा फोटो होतो. म्हणून ह्यासाठी सगळ्यात जास्त वेळ ठेवा. सोय अशी करा, व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल लावा, ३२ जणांपर्यंत येता येतं, आणि स्क्रीन शेअर करून एकेक जुना फोटो दाखवा. वेळ रविवारी सकाळी साडेआठची, म्हणजे न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे ११ असतात, थंडीच्या दिवसांत १०, तिकडच्यांनाही जमतं. आत्या फोनवर नको, तिच्या घरी कोणीतरी शेजारी बसलेलं हवं, शक्य असेल तर फोटो टीव्हीवर मोठा लावून. आणि दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा, तिला सांगून.

माझी नौपाड्यातली आत्या फोटो बघते तेव्हा आधी चेहरा बघतच नाही, दागिने बघते. एका लग्नातल्या ग्रुप फोटोत आम्ही सगळे एका बाईला वहिनी वहिनी म्हणत होतो तर ती म्हणाली, "कुठली वहिनी, ही तुझ्या पणजीची धाकटी बहीण, हिच्या कानातल्या कुड्या बघ, त्या आता कोपरीच्या काकूकडे आहेत," आणि मग त्या कुड्यांवरून पुण्याचं एक अख्खं घर निघालं ज्यांच्याशी बोलणंच राहिलं नव्हतं. हे कुठल्याही ॲपला जमणार नाही. गूगल चेहऱ्यांचे गट करून देतं, एकाच माणसाचे लहानपणापासूनचे फोटो कित्येकदा बरोबर एकत्र आणतं, पण ती कोण हे आत्याच सांगणार.

लिहिताना पद्धत एकच ठेवा, मागची रांग डावीकडून, मग मधली, मग खाली बसलेली मुलं. आणि माई, अक्का, अण्णा, बापू एवढंच लिहू नका, प्रत्येक घरात एक माई असते, दोन पिढ्यांनी कोणती माई ते कोणाला कळणार. पूर्ण नाव, आडनाव, आणि बायकांची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, कारण त्या पिढीत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, आणि एकच बाई यादीत दोन वेगळ्या बाया म्हणून बसते. मग हे सगळं त्या फोटोखाली कमेंट म्हणून टाका, अल्बममधल्या सगळ्यांना दिसतं आणि कोणी ना कोणी चूक दुरुस्त करतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोला, तो लिहितो, जोडाक्षरं तेवढी तपासा.

ह्यातून वंशावळ करायचा मोह होतो आणि जरूर करा. ज्या घराण्यांचा कुलवृत्तांत छापलेला आहे त्यांनी आधी तो काढावा, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही तुमच्या पूर्वजांची नोंद सापडू शकते, गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. जेनीसारख्या वेबसाइटवर झाड मांडता येतं, फक्त हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव असल्या गोष्टी उघड्यावर ठेवू नका, बँका तेच प्रश्न विचारतात.

वयस्कर माणसांचा फोन

एक दुपार ठेवा आणि जवळ बसून करून द्या, फोनवरून सांगून होत नाही. अक्षरं मोठी करा, भाषा मराठी करा. आणि पासवर्ड वहीत लिहा, खरंच लिहा, कपाटात ठेवायच्या वहीत, कारण गूगलचं अकाउंट २ वर्षं अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते फोटोंसकट काढून टाकू शकते, आणि वयस्कर माणसांची अकाउंट दुकानदाराने घाईत उघडलेली असतात, पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. प्रायव्हसीत ग्रुप्समध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' करा म्हणजे अनोळखी लोक त्यांना शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये ओढत नाहीत.

आणि हे चार वेळा सांगा, लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके (apk) असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल आहे, उघडायची नाही, मग ती भाच्याच्या नंबरवरून आलेली का असेना, कारण भाच्याचाच फोन हॅक झालेला असतो. फोटो आणि पत्रिका कधीच एपीके नसतात. "चुकून तुमच्या नंबरवर कोड आलाय, पाठवता का" म्हटलं तरी द्यायचा नाही. पैसे मागितले तर आधी फोन करून आवाज ऐकायचा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

ज्यांना फोन जमतच नाही त्यांना सोडून देऊ नका. पेन ड्राइव्हवर जेपीजी टाकून टीव्हीला लावला की फोटो दिसतात, रिमोटचं बाण दाबणं सगळ्यांना येतं. किंवा वर्षाचे वीस-पंचवीस फोटो चार बाय सहाचे प्रिंट करून पाकिटातून द्या, मागे नावं लिहून. गावाला रेंज नसते तिथे तर हाच रस्ता.

आपल्याजवळची प्रत

वर्षातून एकदा, पितृपक्षात करा, तेव्हा तसंही कार्यक्रम कमी असतात आणि गणपतीचे फोटो ताजे असतात. गूगल टेकआउट म्हणजे गूगलवरचं आपलं सगळं एकदम उतरवून घ्यायची सोय, तिथून सगळे फोटो उतरवून घ्या, दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या इमारतीत, म्हणजे तुम्ही नेरुळला असाल तर दुसरी ठाण्याच्या भावाकडे. डिस्क नुसती ठेवून देऊ नका, दरवर्षी लावून चार-पाच फोटो उघडून बघा. ज्याच्या अकाउंटवर मुख्य अल्बम आहेत त्याने गूगलचं इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावून ठेवावं, तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुदत निवडता येते, तेवढा काळ अकाउंट वापरलं नाही तर तुम्ही सांगितलेल्या माणसाला फोटो उतरवून घेता येतात. आयफोनवर त्यासाठी लेगसी कॉन्टॅक्ट आहे. नवरा-बायको दोघांनी फक्त एकमेकांचंच नाव टाकून थांबू नका, एखाद्या भाच्या-पुतणीचंही टाका, आणि तिला तसं सांगून ठेवा, डिस्क कुठल्या कपाटात आहे, वही कुठे आहे, नावांचं रेकॉर्डिंग कुठल्या फोल्डरमध्ये आहे. डिस्कवर मार्करने आडनाव आणि वर्ष लिहायचं, आणि ती ठाण्याची डिस्क पुढच्या वर्षी नवीन फोटो भरायला कोण घेऊन येणार ते त्याच दिवशी ठरवून टाकायचं.